मनगटाला विचारून

गणपती बसले की आमच्याकडे दिवाळी अंकांची धांदल सुरू होते. मजकूर उशिरा येतो, जाहिराती त्याहून उशिरा, आणि छापखान्याला दिलेली तारीख मात्र जागची हलत नाही. त्या दिवसांत पानं लावणाऱ्या कुणालाही ‘हात काय म्हणतोय?’ एवढं विचारून बघा. तो आधी मनगट गोल फिरवून दाखवेल, मग कोपराखाली बाहेरच्या अंगाला बोट दाबेल आणि शेवटी मान कलती करून खांद्यावरची एक ठरावीक जागा शोधेल. ती जागा आम्हा सगळ्यांची जवळपास एकच असते.

गंमत अशी की कीबोर्डवरून आमच्यात केवढी भांडणं! कळांवर मराठी अक्षरं कशी मांडायची यावरून इनस्क्रिप्टवाले फोनेटिकवाल्यांना नावं ठेवतात, जुने रेमिंग्टनवाले दोघांनाही मोजत नाहीत. माऊसवरून कुणी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. तो कॉम्प्युटरबरोबर येतो, आणि बिघडला की ‘एक माऊस द्या’ एवढ्यावर खरेदी आटोपते. पुण्यात तापकीर गल्लीत जा नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, माऊस प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात टांगलेला असतो. पाकीट फोडलं की तो तुमचा. साधी चप्पलसुद्धा आपण पायात घालून चार पावलं चालून बघतो. ज्या वस्तूवर दिवसभर हात ठेवून बसायचं, ती रंग आणि किंमत बघून उचलतो.

माझ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्या भेटीत मनगटाला हात लावायच्या आधी माझ्या टेबलाची चौकशी केली. माऊस कीबोर्डच्या किती उजवीकडे असतो? कोपर टेकतं की अधांतरी राहतं? क्लिक जास्त की ड्रॅग, म्हणजे बटण दाबून धरून ओढणं, जास्त? हा शेवटचा प्रश्न मला आवडला, कारण तो काम माहीत असलेल्या माणसाचा होता. तेव्हापासून मी ही उपकरणं जमवायला लागले. साधा माऊस, उभा माऊस, अंगठ्याने गोळा फिरवायचा ट्रॅकबॉल, बोटांनी फिरवायचा थोरला ट्रॅकबॉल, पेन टॅब्लेट, आणि एका जुन्या लॅपटॉपच्या कीबोर्डमधलं कर्सर हलवायचं लाल बोंड. घरचे याला नाद म्हणतात. मी तपासणी म्हणते.

तपासायचं म्हणजे मोजायचं काय, हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा जुना आहे. पॉल फिट्स नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होते. विमानातल्या दांड्या-बटणांशी वैमानिकांची गफलत का होते, याचा अभ्यास त्यांनी हवाई दलासाठी केला होता. १९५४ साली त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सोळा विद्यार्थी, समोर दोन धातूच्या पट्ट्या, हातात एक सळई. जमेल तितक्या वेगाने आळीपाळीने दोन्ही पट्ट्यांवर टोचायचं, बस. पट्टी कधी दोन इंच रुंद, कधी पाव इंच. दोन पट्ट्यांमधलं अंतर कधी दोन इंच, कधी सोळा. त्यातून निघालं ते असं: वेळ ठरतो अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तरावर. लक्ष्य दुप्पट लांब नेलं पण दुप्पट रुंदही केलं, तर हाताला वेळ जवळपास तेवढाच लागतो. आणि गुणोत्तर दुप्पट झालं की वेळ दुप्पट होत नाही, दर वेळी ठरावीक एका पायरीने वाढतो.

हे वाचलं आणि रोजच्या कितीतरी चिडचिडीचा उलगडा झाला. पानं लावायच्या इनडिझाईन या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमच्या कोपऱ्यावरचा तो चिमुकला चौकोन पकडायला जेवढा जीव काढावा लागतो, तेवढा अख्खी फ्रेम उचलून पलीकडच्या पानावर न्यायला लागत नाही. स्क्रीनच्या अगदी कडेला असलेलं बटण कुणालाही पटकन सापडतं, कारण कर्सर कडेच्या पुढे जाऊच शकत नाही. कितीही जोरात फेका, तो तिथेच थांबतो.

फिट्सच्या गणिताला माऊस पहिल्यांदा नीट जोखला गेला तो झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या प्रयोगशाळेत. स्टुअर्ट कार्ड, विल्यम इंग्लिश आणि बेटी बर यांचा तो अभ्यास १९७८चा. माऊस, जॉयस्टिक आणि दोन प्रकारच्या बाणांच्या कळा यांची त्यांनी तुलना केली. माऊस सगळ्यांत वेगवान ठरला, चुकाही त्याच्याच सगळ्यांत कमी. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. लक्ष्य अवघड होत जाईल तसा माऊसचा वेळ ज्या चढाने वाढत होता, तो नुसत्या हाताने बोट ठेवण्याच्या चढाशी जवळजवळ जुळत होता. म्हणजे अडत होतं ते डोळ्याचं आणि हाताचं. मधल्या यंत्राची अडचण फारशी उरलेली नव्हती. एवढं कळल्यावर आणखी चपळ माऊस शोधण्यात अर्थ नव्हता. तरी बाजार अजून तेच विकतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत डीपीआय, म्हणजे माऊसच्या चपळपणाचा आकडा, लिहिलेला असतो, आणि हाताला काय वाटेल याबद्दल अवाक्षर नसतं.

आता या मोजणीला आंतरराष्ट्रीय मानकही आहे. आयएसओ ९२४१ या मालिकेचा नववा भाग २००० साली आला, पुढे त्याची वाटणी नव्या क्रमांकांखाली झाली. त्यातली चाचणी कुणालाही घरी करून बघता येईल इतकी साधी. स्क्रीनवर छोट्या वर्तुळांचं एक मोठं कडं दिसतं. एका वर्तुळावर क्लिक केलं की त्याच्या समोरचं उजळतं, तिथून पुन्हा पलीकडचं, आणि अशी कड्याच्या आरपार ये-जा करत फेरी पुरी होते. वेग आणि नेम दोन्ही मिळून एक आकडा निघतो, बिट प्रति सेकंद. यात खुबी अशी की वर्तुळ केवढं काढलं होतं याकडे गणित फारसं बघत नाही. तुमचे क्लिक प्रत्यक्षात किती पसरले त्यावरून ते लक्ष्याची रुंदी स्वतः ठरवतं. भराभर धावून कडेकडेला टोचणाऱ्याचा फायदा तिथे कापला जातो, आणि सावकाश पण बरोबर मध्यावर मारणाऱ्याला त्याचं श्रेय मिळतं. आमच्या धंद्यात पगार ठरवताना हे सूत्र वापरलं असतं तर बरेच हिशेब बदलले असते.

टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठातले स्कॉट मॅकेंझी यांनी या विषयात आयुष्य घातलं आहे. त्यांनी आणि सुकोरेफ यांनी २००४ साली अशा चाचण्यांचे आकडे एकत्र मांडले. माऊस ३.७ ते ४.९ बिट. कीबोर्डमधलं बोंड १.६ ते २.५५. टचपॅड जेमतेम १ पासून २.९ पर्यंत. माझ्या घरच्या खेळातही क्रम हाच लागला. साधा माऊस पुढे, मोठा ट्रॅकबॉल त्याच्या मागे, टचपॅड तळाला. तपासणी तिथेच संपायला हवी होती.

पण मग त्या लाल बोंडाचं काय करायचं? ते टेड सेल्कर यांनी आयबीएमसाठी घडवलं आणि १९९२ साली थिंकपॅड ७००सी वर जी, एच आणि बी या कळांच्या मध्ये येऊन बसलं. ते हलत नाही. बोटाचा दाब जेवढा, तेवढा कर्सर धावतो. आकड्यांत ते माऊसच्या निम्म्याला कसंबसं पोचतं. तरी ते ज्यांना जडलं आहे त्यांच्याकडून काढून घेऊन दाखवा! आमच्याकडे एक संपादक येतात, साठी उलटलेली, अजून तसलाच लॅपटॉप शोधून घेतात. कारण विचारलं की म्हणतात, “अगं, हात उचलावा लागत नाही.”

बरोबर आहे त्यांचं. कार्ड, मोरन आणि नेवेल यांनी कॉम्प्युटरवरच्या कामाचे तुकडे पाडून वेळा बसवल्या होत्या, त्यात कर्सर लक्ष्यावर नेण्याला सरासरी १.१ सेकंद धरले आहेत आणि कीबोर्डवरचा हात माऊसवर नेण्याला ०.४. परत यायला पुन्हा ०.४. संपादकाला एक अनुस्वार द्यायचा असतो. त्याच्यासाठी हात तिकडे जाणार, माऊस चाचपणार, येणार, बोटं पुन्हा आपापल्या कळांवर बसणार. कड्याच्या चाचणीत यातलं काहीच येत नाही, कारण तिथे हात सुरुवातीपासून माऊसवरच असतो. खेळ सुरू होण्याआधीचा आणि संपल्यानंतरचा हात कुणी मोजत नाही.

खरं तर मोजला होता, आणि तोही सगळ्यांत आधी. माऊस ज्यांनी जन्माला घातला त्यांनीच. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांची कल्पना आणि वर उल्लेख आलेल्या विल्यम इंग्लिश यांचे हात, यांतून १९६४ साली लाकडी खोक्यातला पहिला माऊस झाला. खाली एकमेकांना काटकोनात दोन चाकं, वर एक बटण. पण त्यांनी तो लगेच डोक्यावर घेतला नाही. त्याला इतर उपकरणांसमोर उभं केलं. स्क्रीनवर टेकवायचं लाइट पेन होतं, जॉयस्टिक होती, आणि टेबलाखाली बसवलेला गुडघ्याचा दांडा होता. मांडी डावी-उजवीकडे हलवली की कर्सर आडवा जायचा, टाच वर-खाली केली की उभा. ऐकायला थट्टा वाटते. पण नवख्या माणसांच्या बाबतीत हा गुडघा आणि ते पेन माऊसच्या पुढे गेले! गुडघ्याला कुठून कुठे जायचंच नव्हतं, तो आधीपासून तिथेच होता. सरावलेल्या माणसांत मात्र माऊसने बाजी मारली, आणि चुकाही त्याच्या कमी होत्या.

१९६७ साली त्यांनी हे छापलं तेव्हा काढलेला निष्कर्ष मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा शहाणा वाटतो. निवड या उपकरणांच्या वेगातल्या आणि अचूकतेतल्या फरकावर अवलंबून नाही, असं ते स्पष्ट लिहितात. त्याच हाताला आणखी कोणती कामं आहेत, उपकरणापर्यंत हात नेऊन ते ताब्यात घेणं किती सोपं आहे, आणि ज्या ढबीत बसावं लागतं तिने किती थकायला होतं, या गोष्टी जास्त महत्त्वाच्या. लाइट पेनला हात हवेत धरावा लागतो. पाच मिनिटं छान वाटतं, अर्ध्या तासात दंडाला रग लागते. उभ्या टचस्क्रीनवर दिवसभर काम करायचा उत्साह ज्यांना असेल त्यांनी हे एकदा करून पाहावं.

थकवा मोजायची सोय आयएसओच्या मानकातही आहे, नाही असं नाही. चाचणीनंतर एक प्रश्नावली भरायची असते, प्रत्येक प्रश्नाला सात पायऱ्यांतली एक. दाबायला जोर किती लागला, चालणं किती सुरळीत, बोटं थकली का, मनगट, दंड, खांदा, मान थकली का. प्रश्न अगदी योग्य आहेत. फक्त ते विचारले जातात प्रयोगशाळेतल्या बैठकीनंतर, आणि माझा खांदा उत्तर देतो तिसऱ्या आठवड्यात. सकाळी ज्या माऊसला मी सातपैकी सहा देईन, त्यालाच रात्री नऊ वाजता अनुक्रमणिका लावताना तीन देईन, आणि दोन्ही वेळा माझं म्हणणं खरं असेल.

त्यात पुन्हा ड्रॅगचा मामला. माझ्या कामातला सर्वांत वाईट भाग म्हणजे जुन्या अक्षरांच्या ट्रेसिंगचा. समजा एखाद्या मासिकाचं १९४०च्या सुमाराचं हाताने काढलेलं शीर्षक आहे आणि ते पुन्हा स्वच्छ हवं आहे. स्कॅन कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं, वर रेघ टाकायची आणि एकेक नोड, म्हणजे रेघेवरचा बिंदू, ओढत वळणं बसवायची. ‘क्ष’ची गाठ घ्या. नोड पकडला, तर्जनीने बटण दाबून ठेवलं, आणि आता दाब न सोडता मनगटाने अर्धा मिलिमीटर वर. तर्जनी घट्ट, मनगट सैल, असं एकाच हाताकडून मागायचं. ते जमत नाही. हात अख्खाच आवळतो, करंगळी टेबलावर रोवली जाते आणि खांदा कानाकडे सरकायला लागतो. क्लिक सोडलं की लक्षात येतं की आपण श्वासही धरला होता.

याला पुरावा आहे. केअर, बाख आणि रेम्पेल यांनी १९९९ साली माणसांच्या मनगटातल्या कार्पल टनेलमधला, म्हणजे नस जाते त्या अरुंद बोगद्यातला, दाब माऊस वापरताना मोजला. नुसता हात ठेवलेला असताना दाब कमी होता आणि ड्रॅग करताना तो बराच वाढत होता. ताईंचा प्रश्न उगाच नव्हता. मात्र यावरून ‘माऊसने मनगट निकामी होतं’ अशी आवई उठवायचं कारण नाही. डेन्मार्कमध्ये जवळपास सात हजार तंत्रज्ञांचा पाठपुरावा करून २००३ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आठवड्याला वीस तासांहून जास्त माऊस चालवणाऱ्यांत ही नस दाबली गेल्याच्या लक्षणांशी संबंध दिसला. कीबोर्डशी तसा दिसला नाही, आणि गंभीर दुखण्याचं मोठं कारण कॉम्प्युटर आहे असंही त्यांना म्हणता आलं नाही. अर्थात आमच्याकडे वीस तास बुधवारपर्यंत होतात.

मग मी ड्रॅगसाठी बाकीची मंडळी पुढे आणली. उभा माऊस. यात पंजा पालथा पडत नाही, शेकहँडसाठी पुढे करावा तसा उभा राहतो आणि हाताच्या दोन हाडांची ती अढी सुटते. लॉजिटेकने २०१८ साली असा एक माऊस आणला, त्याचा कोन ५७ अंशांचा. खांद्याला आराम पडतो, यात वाद नाही. पण बटण आता आडवं झालं. तुम्ही दाबता तो दाब टेबलात जिरत नाही, माऊसलाच डावीकडे ढकलतो. मजकूर वाचायला, मेल बघायला हरकत नाही. ‘क्ष’च्या गाठीत मात्र क्लिक करायच्या क्षणीच कर्सर केसभर सरकतो आणि नोड भलत्याच जागी.

अंगठ्याचा ट्रॅकबॉल आमच्या ऑफिसातल्या दादाचा जीव की प्राण. टेबलावर कागदांचा कितीही ढीग असो, त्याला जागा लागत नाही, हात जागेवरून हलत नाही. मी वापरला तेव्हा मनगट खूश झालं आणि सगळी वसुली अंगठ्याच्या मुळाशी झाली. दादाचा अंगठा दणकट असेल. मोठा, बोटांनी फिरवायचा गोळा माझ्या हाताला जास्त मानवला. या जातीचं मूळही भारदस्त आहे. कॅनडाच्या नौदलासाठी १९५२च्या सुमाराला जो ट्रॅकबॉल बनवला, त्यात तिकडच्या बोलिंगच्या खेळातला खराखुरा गोळा बसवला होता. आता माझ्याकडे गोळ्यावर दोन बोटं असतात, अंगठ्याने बटण धरता येतं, म्हणजे दाबणारा आणि हलवणारा वेगवेगळे. ट्रेसिंगला पेन टॅब्लेट त्याहून सरस, पण पानं लावताना पेन सारखं ठेवा-उचला करावं लागतं.

खांद्याचं कोडं सुटलं ते माऊस बदलून नव्हे. कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांचा जो चौकोन असतो, त्याच्या पलीकडे माऊस राहतो. तेवढी वीत दिवसभर दंड अंगापासून दूर धरून ठेवायचा, हे काम खांदा बिनबोभाट करतो आणि रात्री बिल पाठवतो. आकड्यांचा चौकोन नसलेला कीबोर्ड आणला तर अर्धं दुखणं जातं. पण मला पानांचे क्रमांक आणि जाहिरातींची मापं टाकायला आकडे लागतात. तेव्हा ताई म्हणाल्या, “मग डावीकडे घ्या की माऊस. तिकडे कुठे चौकोन आहे?”

डावा हात कड्याच्या चाचणीत सपशेल मागे आहे, अजूनही. वर्तुळं हुकतात, वळताना कर्सर पुढे निघून जातो. पण प्रुफाच्या दुरुस्त्या करायला बसले की चित्र पालटतं. उजव्या हातात पेन्सिल, समोर प्रूफ, डाव्या हातात माऊस. ओळ वाचली, डावीने शब्दावर कर्सर ठेवला, दुरुस्ती टाइप केली, उजवीने कागदावर खूण केली. पूर्वी पेन्सिल कानाला लावायची, माऊस धरायचा, माऊस सोडून पेन्सिल काढायची, आणि त्यात ओळ हरवायची. मोठा ट्रॅकबॉल आता फक्त ट्रेसिंगपुरता उजवीकडे असतो, तोही कीबोर्ड बाजूला सारून.

डावीकडे सरकलं की आणखी एक गोष्ट कळते. हाताच्या आकाराप्रमाणे घडवलेले सुबक, महागडे माऊस बहुतेक सगळे उजव्या हाताचे. डाव्यात धरले की अंगठ्याची खोबण करंगळीला येते. दोन्ही बाजू सारख्या असलेला स्वस्तातला साधा माऊस तेवढा चालतो. बटणांची अदलाबदल मी केली नाही, कारण माझ्या मशीनवर दुसरं कुणी बसलं तर त्याचा गोंधळ नको. त्यामुळे माझं मधलं बोट क्लिक करतं आणि तर्जनी उजव्या क्लिकपुरती. नव्याने आलेली मुलगी माझ्या खुर्चीत बसली की पहिल्यांदा वायर कीबोर्डच्या मागून ओढून माऊस उजवीकडे घेते आणि जाताना तिथेच सोडून जाते. परवा मी तिला एक दिवस डावीकडे करून बघ म्हटलं. ती म्हणाली, “ताई, मला अजून काही दुखत नाही.”